कराराच्या फायली भरल्या, कारखान्यात कोण उतरणार? ग्रामीण इंजिनीअरिंग कॉलेज आणि आसपासचे उद्योग

वाघाडीकाठ

नमस्कार मंडळी.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खासगी इंजिनीअरिंग कॉलेजात मी मेकॅनिकल विभागात शिकवतो. कॉलेजचं नाव देत नाही, प्रश्न एका कॉलेजचा नाही.

आमच्या ऑफिसच्या कपाटात उद्योगांशी केलेल्या सामंजस्य करारांची जाड फाइल आहे. पुण्याच्या कंपन्या, हैदराबादच्या कंपन्या, काही नागपूरच्या. करार का होतात हेही सगळ्यांना माहीत आहे. नॅक म्हणजे कॉलेजांना दर्जा देणारी संस्था, तिच्या मूल्यांकनात असे किती करार चालू आहेत ते विचारतात, त्यावर गुण असतात. मग सही होते, हार होतो, फोटो होतो. वर्षातून एकदा ऑनलाइन व्याख्यान झालं की करार 'चालू' राहतो. आमचा विद्यार्थी त्या कंपनीच्या गेटच्या आत कधी गेलेला नसतो.

दुसरीकडे एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, इंटर्नशिप धोरणात पदवीच्या चार वर्षांत मिळून 600 ते 700 तासांच्या प्रत्यक्ष कामाची अपेक्षा आहे. ती पूर्ण कशी होते? कुठल्या तरी वेबसाइटवर पैसे भरायचे, काही व्हिडिओ पाहायचे, प्रमाणपत्र डाउनलोड करायचं. शेतकऱ्याच्या पोराने पैसे देऊन इंटर्नशिप विकत घ्यायची, हे मला सहन होत नाही. म्हणून हा धागा.

आता आमच्या कॉलेजच्या गच्चीवर उभं राहून विचार करा. घाटंजी, पांढरकवडा, वणीपर्यंत जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधणाऱ्या गिरण्या, पसरलेल्या. वणीला कोळसा. पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर, आवारपूर, घुग्घुसकडे सिमेंटचे कारखाने, आणि महाऔष्णिक केंद्र एकटंच 2920 मेगावॅटचं. अकोल्यात दालमिल, वरूड-मोर्शीला संत्रा, भंडारा-गोंदियात राइस मिल. एवढे उद्योग भोवती असताना आम्ही 'इंडस्ट्री नाही हो आपल्याकडे' असं म्हणत बसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. शंभर करारांच्या जागी एक करार करा. जवळचा एक कारखाना, त्यातलं एक मशीन, एक पूर्ण हंगाम. कॉलेजचा एक शिक्षक आणि कारखान्याचा एक माणूस, दोघांची नावं करारात. प्रश्न त्यांनी द्यायचा, आपण ठरवायचा नाही.

एक अडचण मात्र वेळापत्रकाची आहे. आमचे विद्यार्थी इंटर्नशिपला मोकळे होतात जूनमध्ये, आणि जूनमध्ये जिनिंगला कुलूप असतं. कापूस दिवाळीच्या सुमाराला यायला लागतो, तेव्हा आमच्या परीक्षा. आठवं सेमिस्टर जानेवारीत सुरू होतं, ते तुरीच्या आवकीशी जुळतं. म्हणजे दालमिलसाठी उत्तम, जिनिंगसाठी अर्धंच. यावर काय करता येईल? उद्योगाच्या बाजूचं कुणी इथे असेल तर मोकळेपणाने लिहावं.

रुई_सरकी

सर, मी जिनिंगवाला हाय, पांढरकवड्याकडचा. वडिलांपासून धंदा हाय. तुमचं सगळं वाचलं, म्हणून लिहून राहिलो.

पहिले तुमची जूनची गोष्ट. जिनिंग बंद म्हणजे काम बंद असं नाही सर. जुलै ते सप्टेंबर आमची खरी मशीन पाहाची वेळ असते. डीआरचे, म्हणजे डबल रोलर जिन मशीनचे, रोलर काढतो, नाली पाडतो, बेअरिंग बदलतो, चाकूला धार करतो. हंगामात मशीन चालू असली की पोट्ट्यायले लांबूनच पाहा लागते, हात लावू देत नाही मी, धोका हाय. पावसाळ्यात तेच मशीन उघडं पडलेलं असते. शिकाचं असन तर तवाच शिका. आजवर एकाही कॉलेजवाल्यानं पावसाळ्यात येऊ का म्हणून विचारलं नाही.

आता मले काय पाह्यजे ते सांगतो.

एक, रोलर झिजला हे कधी समजाचं? आमचा फिटर नुसत्या आवाजावरून सांगते. पण त्याचं वय झालं, हाताखाली शिकाले कोणी तयार नाही. रोलर जास्त झिजला की रुईचा उतारा, म्हणजे कापसातून निघणारी रुई, कमी, सरकी फुटते, लाइट बिल वाढते. तो आवाज मोबाइलनं ओळखता आला तर पाहा.

दोन, कापसातला प्लास्टिकचा धागा. शेतकरी खताच्या पोत्यात वेचणी करते, त्या पोत्याचे धागे कापसात. बाया बसून वेचतात, तरी सुटते. गाठीत गेला की सूतगिरणीवाला दर कापते.

तीन, आग. कापसात खडा नाही तर लोखंडाचा तुकडा आला, मशीनमधी ठिणगी उडाली, की वर्षाची कमाई गेली.

पोट्टे येतात आमच्याकडं, मी कोणाले नाही म्हणत नाही. येतात, फोटो काढतात, अन् 'काका, सही-शिक्का द्या' म्हणतात. एकानं तरी इचारावं ना, काका तुमचं दुखते कुठं?

चाकणचा_पुसदकर

सरांच्या तळमळीबद्दल आदर ठेवून थोडा विरोध नोंदवतो.

मी पुसदचा, पदवी विदर्भातच, आता चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीत आहे. आमच्याकडे विदर्भातून मुलं येतात. हुशार असतात, कष्टाळू असतात. पण ड्रॉइंग वाचता येत नाही, टॉलरन्स (मापात किती फरक चालतो) म्हणजे काय ते फक्त परीक्षेपुरतं ठाऊक, आणि मोजलेलं लिहून ठेवायची सवय नाही. गावाकडच्या छोट्या कारखान्यात ही शिस्त मिळणार आहे का? तिथे ड्रॉइंगच नसतं. मिस्त्री सांगेल तसं काम. मुलगा जुगाड शिकेल आणि पुन्हा इथे येऊन पहिल्यापासून सुरुवात करेल.

जगात हा प्रयोग जुना आहे. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी 1906 साली सुरुवात केली. विद्यार्थी आळीपाळीने वर्गात आणि कारखान्यात. कॅनडाचं वॉटर्लू विद्यापीठ 1957 मध्ये याच पायावर उभं राहिलं. आपल्याकडे पिलानीच्या बिट्सने 1973 मध्ये प्रॅक्टिस स्कूल सुरू केलं. त्यात कारखान्यातलं काम हा अभ्यासक्रमाचाच भाग, त्याला श्रेयांक आणि गुण, आणि विद्यार्थ्यावर लक्ष ठेवायला संस्थेचा शिक्षक. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे. आपल्याकडे मुलगा इंटर्नशिपला गेला की शिक्षकाची जबाबदारी संपते आणि कारखान्यातल्या माणसाची सुरूच होत नाही.

म्हणून माझं मत असं: तिसऱ्या वर्षाला जवळचा कारखाना ठीक, पण आठवं सेमिस्टर मोठ्या, शिस्तीच्या कारखान्यात जायला हवं. सिमेंट, वीज केंद्र, नागपूरजवळची बुटीबोरी एमआयडीसी, काहीही.

तिसऱ्या_वर्षाची

मी कॉम्प्युटरची विद्यार्थिनी आहे, विदर्भातल्याच एका तालुक्याच्या ठिकाणी शिकते. इथे फक्त मेकॅनिकलचं चाललंय म्हणून लिहिते.

आमच्या वर्गात बहुतेक सगळ्यांनी पैसे भरूनच इंटर्नशिप केली. मीही भरले. दुसरा पर्याय कुणी दिलाच नाही. प्लेसमेंटच्या सरांना विचारलं की मुलींसाठी जवळपास काही आहे का, तर म्हणाले, मुलींना कारखान्यात कुठे पाठवणार. माझी आई स्वतः हंगामात जिनिंगवर कापूस साफ करायला जाते. तिला चालतं आणि मला का चालत नाही?

रुई_सरकी काका, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल मला विचारायचं आहे. धागे कोणत्या रंगाचे असतात? पांढरेच जास्त असतील तर साध्या कॅमेऱ्याला पांढऱ्या कापसात पांढरा धागा दिसणं कठीण आहे. रंगीत असतील तर जमू शकेल. आणि कापूस ज्या पट्ट्यावरून जातो त्याचा वेग किती असतो? मला शंभर-दोनशे फोटो मिळाले तरी काही करून पाहता येईल.

रुई_सरकी

ताई, खताच्या पोत्याचे पांढरेच जास्त. सुतळी, साडीचे धागे, गुटख्याच्या पुड्या, केस, हे रंगीत किंवा काळं. पट्ट्याचा वेग मी मोजून सांगतो. फोटो पाह्यजे तेवढे काढा. तुमच्या आईले इचारा पहिले, कोणता धागा डोळ्याले सुटते ते त्या आमच्यापेक्षा जास्त सांगतीन.

सेवाग्राम_रोड

वर्ध्याहून लिहितोय. चाकणच्या मित्राने सिनसिनाटीपर्यंत नेलं, मी जरा जवळ आणतो.

1929 साली गांधीजींच्या अखिल भारतीय चरखा संघाने चांगल्या चरख्यासाठी 1 लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्या काळचे 1 लाख. जाहिरातीतल्या अटी आजच्या प्रत्येक प्रोजेक्ट गाइडने वाचाव्यात. यंत्र खेड्यातल्या झोपडीत चालवता आलं पाहिजे. आठ तास फार न थकता काम करता आलं पाहिजे, आणि तेवढ्या वेळात 16000 फूट सूत निघालं पाहिजे. किंमत 150 रुपयांच्या आत. वीस वर्षं टिकलं पाहिजे, आणि दरवर्षीची दुरुस्ती किमतीच्या पाच टक्क्यांहून महाग पडता कामा नये.

किर्लोस्करवाडीला तयार झालेलं एक यंत्र या स्पर्धेत उतरलं होतं. बक्षीस शेवटपर्यंत कुणालाच मिळालं नाही, कारण अटी सैल केल्या नाहीत.

ही गोष्ट सांगायचं कारण, आपण विद्यार्थ्यांना प्रश्न देतो तो असा: 'आयओटी आधारित स्मार्ट अमुकतमुक'. त्यात वापरणारा कोण ते नसतं, किंमत किती परवडेल ते नसतं, बिघडलं तर गावात कोण दुरुस्त करेल ते नसतं. रुई_सरकी यांनी तीन परिच्छेदांत जे लिहिलं ते कुठल्याही प्रोजेक्टच्या यादीपेक्षा सरस आहे. त्यात फक्त दोन आकडे भरायचे राहिलेत: किती खर्च झाला तर तुम्ही घ्याल, आणि किती वेळा चुकलं तरी चालेल.

1934 मध्ये ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तो इथे मगनवाडीत, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी तिथूनच काम केलं. आज त्याच आवारात महात्मा गांधी ग्रामीण औद्योगीकरण संस्था आहे. विदर्भातल्या कॉलेजांनी तिच्या दारात वर्षातून एकदा तरी जायला हवं, सहलीला नव्हे, प्रश्न घेऊन.

वाघाडीकाठ

सगळ्यांचे आभार. पावसाळ्याचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. सातव्या सेमिस्टरला प्रोजेक्टची सुरुवात जुलैतच होते, म्हणजे उघडं मशीन बघायला तीच वेळ. मग हंगामात, नोव्हेंबर-डिसेंबरपासून, त्याच मशीनवर आवाजाचं, विजेच्या भाराचं रेकॉर्डिंग. आठव्या सेमिस्टरला त्याचा अर्थ लावायचा. असं एक वर्षाचं एकच काम.

चाकणच्या मित्राला: ड्रॉइंग नसतं हे खरं. तर मग ड्रॉइंग काढणं हेच पहिलं काम देऊ या. रोलर काढलेला असताना व्हर्नियरने, डायल गेजने मोजायचं, झीज लांबीभर कशी बदलते त्याचा तक्ता करायचा, फिटर आवाज ऐकून काय म्हणाला ते त्याच तक्त्यात लिहायचं. तुमची शिस्त आमच्या मुलांना तिथेच लागेल, आणि रुई_सरकी यांच्याकडे त्यांच्या मशीनचा पहिला लेखी इतिहास तयार होईल. जुगाड आणि अभियांत्रिकी यांच्यात मोजणीचाच फरक आहे, असं मी वर्गात नेहमी सांगतो.

नागपूरला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे, सिरकॉटचं. डबल रोलर जिनच्या चामड्याच्या रोलरमधून क्रोमियमची धूळ उडते, त्याला पर्याय म्हणून रबराचे रोलर त्यांनी विकसित केले. म्हणजे या विषयातले जाणकार दोन-तीन तासांवर आहेत. आमच्या ग्रंथालयात जिनिंगवर एकही पुस्तक नाही, ते मात्र आधी मागवतो.

अर्जदार_अकोला

चर्चा छान चालली आहे, पण एक गोष्ट कुणी बोललेलं नाही. यातून काही निघालं तर ते कुणाचं?

मी अकोल्यात पेटंट-ट्रेडमार्कचं काम करतो. नेहमी दिसणारं चित्र सांगतो. विद्यार्थी मॉडेल बनवतात, राज्यस्तरीय स्पर्धेत मांडतात, बक्षीस मिळतं, वर्तमानपत्रात सविस्तर बातमी येते. मग माझ्याकडे येतात की पेटंट करायचं आहे. तोपर्यंत उशीर झालेला असतो. कल्पना जगासमोर उघड झाली की ती 'नवीन' राहत नाही. सरकारने अधिसूचित केलेल्या काही प्रदर्शनांपुरती सवलत कायद्यात आहे, कॉलेजच्या टेकफेस्टला ती लागू नाही. म्हणून आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज, त्यानंतर 12 महिन्यांच्या आत पूर्ण तपशिलाचा अर्ज, आणि स्पर्धा मधल्या काळात. 2021 पासून शिक्षणसंस्थांना शुल्कात 80 टक्के सवलत आहे, तेव्हा पैशाची सबब उरलेली नाही.

मालकी तोंडी ठरत नाही. हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचे तर पेटंट कायद्याच्या कलम 68 प्रमाणे लेखीच लागतं. कॉलेज, कारखानदार, विद्यार्थी, तिघांच्या सह्या पहिल्याच दिवशी घ्या. शोध लावणारा म्हणून विद्यार्थ्याचं नाव अर्जात आलंच पाहिजे, मालक कुणीही असो.

पण सगळंच पेटंटच्या मागे नेऊ नका. आमच्या अकोल्याचंच बघा. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दालमिल गावोगावी पोचली. शेतकऱ्याने तूर विकायची आणि डाळ विकत आणायची, हा उलटा व्यवहार त्यातून थोडा तरी सुटला. विद्यापीठाने ती तयार केली, बनवायचं काम कारखानदारांनी केलं, चालवतात बचत गट आणि शेतकरी. विद्यार्थ्यांना हे उदाहरण नेऊन दाखवा, मशीन उघडून दाखवा.

रुई_सरकी

वकीलसाहेब, बरं झालं तुम्ही बोलले. माह्या मनात हेच होतं, सांगाले संकोच वाटत होता. पोट्ट्यायनं माह्या उताऱ्याचे आकडे रिपोर्टात छापले, अन् तो रिपोर्ट शेजारच्या जिनिंगवाल्याच्या हाती पडला, तर मले धंद्यात मार बसते. कोणता व्यापारी मले काय भावानं माल देते, हेही तसंच. यासाठीच आमच्यातले कित्येक जण कॉलेजवाल्यायले आत घेत नाहीत. पोट्टे वाईट हायेत म्हणून नाही.

अर्जदार_अकोला

रास्त भीती आहे. करारात एक कलम घाला: उतारा, दर, पुरवठादार यांचे आकडे रिपोर्टात येणार नाहीत, आलेख टक्क्यांच्या बदलात दाखवायचे, आणि छापण्याआधी तुम्ही वाचायचं. परीक्षकाला मूळ आकडे बघायचे असतील तर तुमच्या ऑफिसात येऊन बघतील. मी मसुदा विनामूल्य करून देतो. वणी, हिंगणघाट, अकोट, कुठल्याही जिनिंगला तोच वापरता येईल.

दोन_एकरवाला

मुलगा दुसऱ्या वर्षाला आहे. तुमचं सगळं चांगलं आहे, पण बापाचा प्रश्न वेगळा असतो. वर्षभर जिनिंगवर काम करून पोराला पगार कोण देणार, आणि नंतर नोकरी कोण देणार? फी भरताना आमचं कंबरडं मोडतं. पुण्याच्या कंपनीचं नाव असलं तर निदान लग्नाच्या बाजारात तरी विचारतात, हेही लपवून उपयोग नाही.

शिकाऊ_दर्यापूर

काका, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, मी स्वतः त्या वाटेने आलो.

पदवी झाल्यावर मी राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत, एनएटीएसमध्ये, एक वर्ष काम केलं. अप्रेंटिस कायदा 1961 चा, त्यात पदवीधर 1973 च्या दुरुस्तीने आले. 2019 च्या नियमांनी पदवीधराला दरमहा किमान 9000 आणि पदविकाधारकाला 8000 रुपये विद्यावेतन ठरवलं, आणि या योजनेत त्यातला निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ घेणं बंधनकारक आहे, 4 ते 29 असतील तर ऐच्छिक. म्हणजे रुई_सरकी काकांसारखा लहान कारखानाही घेऊ शकतो. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी कायद्याने मालकावर येते, ही गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवावी. शिकत असताना पाठवलेल्या इंटर्नला हे संरक्षण आपोआप मिळत नाही. तिथे कॉलेजने गट विमा काढलाच पाहिजे. हा मुद्दा करारात नसेल तर मी माझ्या भावाला पाठवणार नाही.

नोकरीचं म्हणाल तर मुलाखतीत मला एकच गोष्ट उपयोगी पडली. बंद पडलेली मोटर कशी शोधली, काय मोजलं, काय बदललं, हे मी पंधरा मिनिटं सांगू शकलो. कंपनीचं नाव कुणी विचारलंसुद्धा नाही.

चाकणचा_पुसदकर

शिकाऊ_दर्यापूर यांच्याशी पूर्ण सहमत, मुलाखत घेणारा म्हणून सांगतो. सर, तुमचा मोजणीचा तक्ता पटला. माझा आठव्या सेमिस्टरबद्दलचा आग्रह कायम आहे, पण त्यासाठी ही पायरी चांगली. विद्यार्थ्यांनी मोजायला सुरुवात करण्याआधी मी दोन शनिवार ऑनलाइन बसतो. मोजणीतली चूक कशी शोधायची आणि नोंदवही कशी ठेवायची, एवढंच घेईन. पहिले दोन तक्ते मला पाठवा, लाल पेनाने तपासून देतो.

वाघाडीकाठ

दोन_एकरवाला दादा, पगाराचं मी कबूल करू शकत नाही. पण विद्यार्थ्याचा एसटीचा पास, जेवण आणि विमा यांतलं काहीही त्याच्या घरच्यांच्या खिशातून जाणार नाही, एवढं करारात लिहून घेतल्याशिवाय मी कुणाला पाठवणार नाही. आणि एक रुपया भरून घेणारी 'इंटर्नशिप' माझ्या विभागात यापुढे मान्य होऊ नये, असा प्रस्ताव विभागाच्या बैठकीत मांडतोय.

रुई_सरकी भाऊ, रोलर कधी काढणार ते कळवा. मेकॅनिकलचे चार विद्यार्थी आणि मी.

तिसऱ्या_वर्षाची

सर, मी तुमच्या कॉलेजची नाही, पण आवाजाचं आणि फोटोचं काम मी करू शकते. दुसऱ्या कॉलेजच्या विद्यार्थिनीला घेता येईल का?

वाघाडीकाठ

का नाही. तुमच्या प्राचार्यांच्या नावे पत्र देतो, गट विम्यात तुमचंही नाव घालायला सांगतो. सोबत आणखी एक मैत्रीण आणा.

रुई_सरकी

सर, पोळा झाला की दुसऱ्या दिवसापासून रोलर काढाले घेतो. सकाळी आठले या, फिटर दुपारी जेवाले घरी जाते अन् मग येत नाही. ताई, ऑफिसच्या मागं बायकांसाठी संडास-बाथरूम हाय, मागच्या साली बांधलं, त्याची काळजी करू नका. सगळ्यायनं सुती कपडे घाला, ओढणी अन् लोंबकळणारं काही नको, पायात बूट पाह्यजेच. जेवण आमच्याकडं. फिटरले मी सांगून ठेवलं, तो म्हणते आवाज ऐकवतो पण मशीन बंद असली तर कसा ऐकवू. म्हणून एक जुनी डीआर चालू ठेवतो, त्याचा रोलर बदलत नाही. वकीलसाहेब, मसुदा त्याच्या आत पाठवा.